व्हान आर्डेल यांचं गाव

दुबईत मला ‘परुळेकर’ असं पूर्ण, सगळ्या अक्षरांसकट हाक मारणारा एकच माणूस होता. बाकीच्यांनी माझं ‘पारू’ करून टाकलं होतं. इंग्रज साहेब ‘पारू’, लेबनानी इंजिनिअर ‘पारू हबीबी’, पठाण ड्रायव्हर ‘पारू भाई’. चाळिशी ओलांडलेल्या, टक्कल पडलेल्या पर्सोनेल ऑफिसरला दिवसभर पारू म्हणून घ्यावं लागणं ही एक शिक्षाच आहे, पण परदेशात पोट भरायला गेलेला माणूस नावासाठी भांडत बसत नाही. सेसिल व्हान आर्डेल मात्र पहिल्या दिवसापासून मला ‘मिस्टर परुळेकर’ म्हणत आले. आणि नेमकं त्याच माणसाचं मी वाटोळं केलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी माझी बाजू सावरायला लागलो तर वाचणाऱ्याने सावध असावं.

ते आमच्या कंपनीत आले चौऱ्याण्णव साली, कोलंबोहून. कंपनी बांधकामाची, ऑफिस बर दुबईत. ते चीफ एस्टिमेटर, म्हणजे टेंडर भरण्याआधी इमारतीला काँक्रीट किती, सळई किती, माणसं किती, दिवस किती, हे कागदावर मांडणारे. आडनाव वाचून मी एका गोऱ्या माणसाची वाट बघत बसलो होतो. दारात उभा राहिला तो उंच, सडपातळ, माझ्यापेक्षा एक छटा जास्तच सावळा गृहस्थ, ऑगस्टच्या उकाड्यात टाय लावलेला. मी त्यांना नम्रपणे सांगितलं, की मी मिस्टर व्हान आर्डेल यांची वाट बघतोय, आपण जरा बाहेर बसा.

‘सगळेच बघतात,’ ते म्हणाले आणि समोरच्या खुर्चीत बसले.

फॉर्म भरताना त्यांनी माझ्या आडनावाचा अर्थ विचारला. दहा वर्षांत पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. मी म्हटलं, ‘परुळं म्हणून गाव आहे, वेंगुर्ले तालुक्यात, समुद्राकाठी. तिथला तो परुळेकर.’ त्यांनी खिशातून छोटी वही काढून ते टिपून घेतलं. मग म्हणाले, ‘आमचंही तसंच. व्हान म्हणजे अमुक गावचा. आर्डेल हे हॉलंडमधलं गाव आहे. आपण दोघं गाव पाठीवर घेऊन फिरणारी माणसं.’ आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत व्हायचं. इथे ते मराठीत उतरवतोय एवढंच.

ते बर्गर होते. डच लोकांनी सिलोनवर राज्य केलं तेव्हा जे कारकून, शिपाई, सुतार तिथे राहून गेले, त्यांच्या वंशजांना बर्गर म्हणतात. आमच्या पर्चेसमधल्या सबनीसने त्यावरून करायचे ते विनोद पहिल्याच आठवड्यात उरकून घेतले. व्हान आर्डेलना असल्या विनोदांची सवय होती. ते थांबायचे, माणूस हसून होईपर्यंत वाट बघायचे आणि मग आपलं वाक्य सोडलं होतं तिथून पुढे सुरू करायचे.

माणूस विलक्षण शिस्तीचा. पेन्सिलीला टोक ब्लेडने करायचे, आणि ते टोक सगळ्या पेन्सिलींना एकाच लांबीचं. नाताळात स्वतः कुठेतरी ओव्हन गाठून ‘ब्रूडर’ नावाचा खोलगट भांड्यातला गोड पाव भाजायचे आणि प्रत्येक टेबलावर एकेक काप ठेवायचे. डबा केळीच्या पानात बांधलेला भात. त्याला ते डच पदार्थ म्हणायचे. मी एकदा म्हटलं, ‘केळीचं पान हॉलंडमध्ये कुठून आलं?’ त्यावर आठवडाभर ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. कुणी काहीही सांगायला आलं की त्यांचं एकच उत्तर, ‘कागदावर दाखवा.’ कंत्राटदार म्हणाला माल निघालाय, कागदावर दाखवा. इंजिनिअर म्हणाला इन्शाल्ला गुरुवारपर्यंत स्लॅब होईल, इन्शाल्ला कागदावर दाखवा. तोंडी शब्दाला त्यांच्या लेखी काडीची किंमत नव्हती. तरी एका तोंडी शब्दावरच त्यांनी तीन वर्षं घालवली.

त्याआधी कंपनीची रीत सांगायला हवी. आमच्याकडे तीन ग्रेड होत्या आणि त्या कुठेही लिहिलेल्या नव्हत्या. युरोपियन, अरब आणि एशियन. माणूस काय काम करतो याच्याशी त्यांचा संबंध नव्हता, पासपोर्ट कुठला आहे याच्याशी होता. युरोपियन ग्रेडला कुटुंबासाठी घर, मुलांची शाळा, बायकोचा व्हिसा. एशियन ग्रेडला दुसऱ्याबरोबर वाटून घ्यायची खोली. हे सगळं सांभाळायचं काम माझ्याकडे होतं, आणि मी ते चोख करायचो. माझी बायको सुनंदा ऊद मेथाच्या एका शाळेत शिकवायची म्हणून आमचा संसार इथे उभा होता. नाहीतर मीही चौघांत एक खोली करून राहिलो असतो.

व्हान आर्डेल एशियन ग्रेडमध्ये होते, कारण पासपोर्ट श्रीलंकेचा. पण टेंडर भरायची वेळ आली की कंपनीला त्यांचं आडनाव एकदम आठवायचं. टेंडरच्या पहिल्या पानांत कंपनीच्या माणसांचा तक्ता असतो. त्यात वरून दुसऱ्या चौकटीत, जाड अक्षरांत, ‘सी. व्हान आर्डेल’. फोटो बाकी सगळ्यांचे, त्यांचा नाही. एकदा एका मोठ्या कामाच्या मीटिंगला मी फाइली घेऊन बरोबर होतो. समोरचा कन्सल्टंट उठून उभा राहिला, व्हान आर्डेलशी हात मिळवला, आणि त्यांच्या खांद्यावरून दाराकडे बघत राहिला. अजून कुणीतरी यायचंय असं त्याला वाटत होतं. आमचे जनरल मॅनेजर क्रॉफ्ट गालातल्या गालात हसत होते. व्हान आर्डेलनी टाय सारखा केला आणि आकडे वाचायला सुरुवात केली.

परत येताना गाडीत ते क्रॉफ्टना म्हणाले, ‘एक तर नाव छापू नका, नाहीतर नावाप्रमाणे वागवा.’

क्रॉफ्ट वाईट माणूस नव्हता. आळशी होता. आळशी माणसं समोरच्याला गप्प करायला आश्वासनं देतात. तो म्हणाला, ‘सेसिल, मला एक डच कागद आणून दे. पासपोर्ट नको. कसलाही कागद, डच शिक्का असलेला, त्यावर तुझं आडनाव असलेला. मी हेड ऑफिसला दाखवतो आणि तुला युरोपियन ग्रेड देतो. पारू साक्षीदार.’

मी पुढच्या सीटवर बसलो होतो. मी मान डोलावली.

त्या मानेवर त्यांची बायको आणि दोन मुली अवलंबून होत्या. कोलंबोत तेव्हा बॉम्ब फुटत होते. बायको डोरीन रोज मुलींना शाळेत सोडून त्या परत येईपर्यंत दारात बसायची, असं ते सांगायचे. तिचा भाऊ मेलबर्नला होता आणि तो तिला बोलावत होता. त्यांच्या समाजातली निम्मी माणसं सिंहली राजभाषा झाली तेव्हाच ऑस्ट्रेलियाला गेलेली. व्हान आर्डेलना तिकडे जायचं नव्हतं. ‘पन्नाशीनंतर तिथे मला कोण काम देणार? मेव्हण्याच्या गॅरेजमध्ये राहणारा मेव्हणा होईन मी,’ ते म्हणायचे. ‘डोरीनला मी सांगितलंय, थोडं थांब. मी तुला दुबईत घर देतो.’ म्हणजे कागद आला तर कुटुंब इथे, नाही आला तर ते मेलबर्नला आणि हे एकटे. इतकं सरळ होतं ते.

मग पत्रव्यवहार सुरू झाला. पत्रं मी टाइप करायचो, दुपारच्या सुट्टीत. कोलंबोतल्या त्यांच्या जुन्या चर्चला, त्यांच्या समाजाच्या संस्थेला, हॉलंडच्या दफ्तरखान्याला. उत्तरं महिनोन्‌महिने यायची नाहीत. आली की दोन ओळींची, अमुक वही पुरात गेली, तमुक नोंद वाचता येत नाही. प्रत्येक उत्तरानंतर ते आपला वंशवृक्ष सुधारायचे. तो त्यांनी बांधकामाच्या नकाशासारखा मोठ्या ट्रेसिंग पेपरवर शाईने काढला होता. नकाशा बदलला की आम्ही कोपऱ्यात रिव्हिजनचं अक्षर घालतो, ए, बी, सी. त्यांनी आपल्या पूर्वजांनाही तसंच घातलं होतं. बदललेल्या नावाभोवती ढगासारखी रेघ आणि कोपऱ्यात नवीन अक्षर. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा खापरपणजोबा रिव्हिजन एफ होते.

एका शुक्रवारी त्यांना घरी जेवायला बोलावलं. सुनंदाने डाळ-भात, तळलेले बांगडे, सोलकढी केली होती. सोलकढी त्यांनी तीनदा मागून घेतली. जेवण झाल्यावर त्यांनी नळीतून कागद काढला आणि हॉलच्या फरशीवर पसरला. चार कोपऱ्यांवर आमच्या चार वाट्या ठेवल्या.

सुनंदा वाकून बघत म्हणाली, ‘बापरे, एवढी माणसं. आपल्याला पणजोबाच्या पलीकडे एकाचं नाव येईल का हो?’

‘इट्स लाइक अ मॅप,’ आमचा मुलगा म्हणाला.

‘मॅपच आहे,’ व्हान आर्डेल त्याला म्हणाले आणि बोटाने खालून वर रस्ता दाखवत गेले. हे माझे वडील, रेल्वेत गार्ड. हे आजोबा, कोलंबोच्या कस्टममध्ये. हे त्यांचे आजोबा, इंग्रज आले तेव्हा गॉलहून बिऱ्हाड उचलून कोलंबोला आले. हे त्यांच्या आधीचे, डच व्यापारी कंपनीच्या वखारीत नोंदी ठेवणारे. असं करत ते अगदी वरच्या चौकटीपाशी आले. तिथे फक्त ‘पीटर’ एवढं लिहिलेलं होतं आणि वर तुटक रेघ.

‘हा पहिला. तीनशे वर्षांपूर्वीचा. हा आर्डेलहून जहाजात बसला. का बसला, कुणाचा मुलगा, ते माहीत नाही. ही तुटक रेघ मला अखंड करायचीय.’

सुनंदाने मला मराठीत विचारलं, ‘आणि नाही झाली तर?’ मी तिला गप्प बसवलं.

कागद आला अठ्ठ्याण्णवच्या ऑगस्टमध्ये. जाड पाकीट, त्यात जुन्या नोंदींच्या तीन फोटोकॉपी, वर हॉलंडच्या दफ्तरखान्याचा भला मोठा गोल शिक्का. व्हान आर्डेलनी तो टेबलावर ठेवला आणि दोन मिनिटं त्याच्याकडे नुसते बघत राहिले. आडनाव जागोजागी दिसत होतं. बाकी सगळं जुन्या डचमध्ये. ज्या भाषेसाठी एवढा अट्टहास, त्या भाषेतलं एक वाक्य या गृहस्थांना येत नव्हतं.

उम्म अल कुवैनला तेव्हा आमचं धक्क्याचं काम चालू होतं आणि खाडीतला गाळ काढायला एक डच कंपनी होती. त्यांचा सुपरवायझर ब्राउवर माझ्या ओळखीचा. गुरुवारी अर्धा दिवस होता, दुपारी आम्ही दोघं माझ्या गाडीने निघालो. वाटेत व्हान आर्डेल कधी नव्हे ते बडबडत होते. डोरीनला कुठल्या बाजूचा फ्लॅट आवडेल, मुलींची शाळा कुठली. शारजा ओलांडेपर्यंत त्यांनी पडद्याचा रंगसुद्धा ठरवला होता.

ब्राउवर अर्ध्या चड्डीतला लालबुंद, गडगडाटी माणूस. कंटेनरमधल्या ऑफिसात त्याने आम्हाला कॉफी दिली आणि चष्मा लावला. ‘ही माझ्या आजीच्या बायबलची भाषा आहे,’ तो म्हणाला. पहिल्या ओळींवरून बोट फिरवत तो वाचायला लागला. आर्डेल गाव आहे, बरोबर. यान व्हान आर्डेल, कंपनीचा हिशेबनीस, कोलंबोत नेमणूक. व्हान आर्डेल माझ्याकडे बघून हसले. मग ब्राउवरचं बोट थांबलं. त्याने एकदा कागदाकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे.

‘हे सगळं वाचू?’

‘कागदावर आहे ते वाचा.’

त्याने वाचलं, एकेक शब्द थांबून. यान व्हान आर्डेल याला मूलबाळ नव्हतं. त्याच्या घरी एक गुलाम होता. सुमारे नऊ वर्षांचा असताना विंगुर्ला बंदरात विकत घेतलेला. बाप्तिस्मा देऊन नाव ठेवलं पीटर. मालकाने मरताना मृत्युपत्रात त्याला मुक्त केलं, आणि आपलं आडनाव लावायची परवानगी दिली.

 ब्राउवर चांगला माणूस. त्याने चष्मा काढला आणि म्हणाला, ‘असं बघ, आमच्याकडेसुद्धा किती जणांना आडनावं नव्हतीच. सरकारी फॉर्म भरताना घेतली. माझा पूर्वज दारू गाळायचा, म्हणून मी ब्राउवर. आणि व्हान म्हणजे काही सरदार नव्हे. नुसतं ‘तिथला’ एवढाच अर्थ.’

‘तो तिथला नव्हता,’ व्हान आर्डेल म्हणाले.

मला तेव्हा काय झालं होतं? सांगायला लाज वाटते. मला आनंद झाला होता. विंगुर्ला म्हणजे आमचं वेंगुर्लं. डचांची वखार आमच्याकडे अजून पडक्या अवस्थेत उभी आहे. तिच्या भिंतीवर चढून आम्ही चिंचा पाडल्यात. चार वर्षं माझ्यासमोर बसलेला हा माणूस माझ्या तालुक्यातला निघाला होता. परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाला हा एक रोगच असतो. समोरच्याचं आडनाव कळलं की गाव विचारायचं, गाव कळलं की तालुका, आणि तालुका जुळला की त्याला मिठी मारायची. त्याला मिठी हवीय की नाही हे विचारायची पद्धत नाही.

‘मिस्टर व्हान आर्डेल, हे तर माझं गाव,’ मी म्हटलं. ‘तुम्ही आमचे आहात.’

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी कॉफीच्या कपात तोंड घातलं.

परतीच्या वाटेवर पाकीट त्यांच्या मांडीवर होतं. शारजाच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाले, ‘मिस्टर परुळेकर, क्रॉफ्टला डच येत नाही.’

मी समोरच्या लाल दिव्याकडे बघत राहिलो.

‘त्याने मला भाषांतर मागितलेलं नाही. डच कागद, डच शिक्का, माझं आडनाव. तिन्ही आहेत. मी काही खोटं बोलत नाही. कागद खरा आहे.’

‘अगदी खरा,’ मी म्हटलं.

‘तो रजेवर आहे. दहा दिवसांनी येईल. तुम्ही फक्त दहा दिवस गप्प राहा. डोरीनने नाताळपर्यंतची मुदत दिलीय.’

मी शब्द दिला. सिग्नल हिरवा झाला.

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे सुनंदा लग्नापासून सांगत आली आहे. तरी मी आठ दिवस काढले. सुनंदालासुद्धा सांगितलं नाही. मग आली गणपतीची आरती. शुक्रवारी सगळी मराठी मंडळी हॉलमध्ये जमली होती, प्रसाद झाला होता, आणि सबनीस नेहमीप्रमाणे आपल्या घराण्याच्या गप्पा हाणत होता. त्याचे पूर्वज म्हणे अमुक दरबारात चिटणीस होते. ऐकणाऱ्या बायका ‘हो का, हो का’ करत होत्या. मला राहवलं नाही. वेंगुर्ल्याचंही काही मोठेपण आहे हे सांगायला मी तोंड उघडलं.

‘दरबाराचं सोडा. आपला डच साहेब मूळचा कुठला माहितीये का? आमच्या वेंगुर्ल्याचा.’

सगळे माझ्याकडे वळले. मग काय, मी सगळं सांगितलं. रंगवून सांगितलं. बंदर, जहाज, नऊ वर्षांचं पोर, मालकाचं आडनाव. बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘आपला माणूस हो,’ कुणीतरी म्हणालं. शेवटी मी म्हटलं, ‘कुणाला बोलू नका हं.’ हे वाक्य आपल्याकडे म्हणायची पद्धत आहे, म्हणून म्हटलं.

शनिवारी सकाळी आठ वाजता सबनीस उकडीच्या मोदकांचा डबा घेऊन व्हान आर्डेलच्या केबिनमध्ये गेला. माझं टेबल समोरच होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

‘आर्डेल साब,’ तो म्हणाला, ‘यू आर अवर मॅन. पारूने सब बता दिया. आजसे आप हमारे वेंगुर्लेकर. घ्या, गावाकडचा पदार्थ आहे.’

सबनीसच्या मनात काही वाईट नव्हतं. एवढं प्रेमाने तो त्यांच्याशी चार वर्षांत कधी बोलला नव्हता. त्यामुळेच ते ऐकवत नव्हतं. व्हान आर्डेलनी डबा घेतला, ‘थँक यू’ म्हटलं, आणि काचेतून माझ्याकडे बघितलं. मी फाइलीत डोकं खुपसलं.

दुपारपर्यंत ड्राफ्टिंगमध्ये, स्टोअरमध्ये, साइटवर सगळीकडे झालं. मल्याळी मंडळी हळहळली, पठाण ड्रायव्हर म्हणाला ‘गुलाम का बेटा साब बना, अल्लाह की शान’. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं अकाउंट्समधल्या एका पुणेकराने ऐकवलं. त्यातलं एकही वाक्य त्यांच्या तोंडावर बोललं गेलं नाही. पण ते केबिनमधून बाहेर आले की बोलणं थांबायचं, आणि थांबलेलं बोलणं कुणालाही ऐकू येतं.

सोमवारी क्रॉफ्ट आला. व्हान आर्डेल अकरा वाजता त्याच्याकडे गेले. ग्रेड बदलायचा फॉर्म मी तयार केला होता, तो घेऊन मलाही जावं लागलं. अजूनही मला आशा होती. क्रॉफ्टपर्यंत पोचलं नसेल, असं मी स्वतःला समजावत होतो. व्हान आर्डेलनी पाकीट उघडलं, कागद टेबलावर ठेवला आणि शिक्क्याची बाजू त्याच्याकडे केली. नवा टाय होता त्यांचा.

क्रॉफ्टने कागद उचलला, शिक्का बघितला. मग अगदी मोकळेपणाने हसत म्हणाला, ‘अच्छा. हाच का तो गुलामाचा?’

व्हान आर्डेलनी टायची गाठ सारखी केली.

‘वाईट वाटून घेऊ नकोस, सेसिल. मोठी इंटरेस्टिंग गोष्ट आहे. पण हेड ऑफिसला मी काय सांगू? हा कागद तर सांगतो, की तू इंडियन आहेस.’ तो माझ्याकडे वळला. ‘काय पारू? तुमच्यातलाच निघाला ना?’

आता इथे मला बोलता आलं असतं. नाही, ती नुसती अफवा आहे, हा कागद वेगळा आहे, असं मी म्हणू शकलो असतो. कागद डचमध्ये होता. त्या खोलीत तो वाचू शकणारा कुणी नव्हता. माझं एक खोटं वाक्य पुरलं असतं. तीनच दिवसांपूर्वी जी जीभ एवढी सुटली होती, ती नेमकी तेव्हा टाळ्याला चिकटली. मी म्हटलं, ‘येस सर.’

व्हान आर्डेलनी कागद परत घेतला, जुन्याच घडीवर दुमडला आणि पाकिटात ठेवला. माझ्या हातातला फॉर्मही त्यांनीच घेतला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला, न चुरगाळता. जाताना दार हलक्या हाताने लावलं.

संध्याकाळी मी माफी मागायला गेलो. ते पेन्सिलीला टोक करत होते. मी बरंच काही बोललो, चूक झाली, जीव तुटतो, अभिमान वाटला म्हणून बोलून गेलो, वगैरे.

ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, ‘मिस्टर परुळेकर, ते नऊ वर्षांचं पोर आपल्या पायांनी बंदरावर गेलं नसणार. त्याला कुणीतरी विकलं. विकणारासुद्धा विंगुर्ल्याचाच असेल ना?’

‘असेल.’

‘तो कुणाचा पूर्वज, ते तुमच्याकडे कुणी सांगतं का आरतीनंतर?’

  त्या पोराला आपला म्हणताना, त्याला बंदरापर्यंत नेणाराही आपलाच असणार हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. इतकी वर्षं मी त्या वखारीच्या गोष्टी लोकांना सांगत आलो, आणि एकदाही मला प्रश्न पडला नाही, की तिथे काय काय विकलं जायचं.

डोरीन आणि मुली नाताळाआधीच मेलबर्नला गेल्या. व्हान आर्डेलनी पुढच्या मार्चमध्ये राजीनामा दिला. त्यांचा फॉर्म मीच भरला. ‘कारण’ या रकान्यात त्यांनी ‘वैयक्तिक’ लिहिलं. त्यानंतर ते उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात कुठल्याशा लहान फर्ममध्ये लागले, एवढं कळलं होतं. आमच्या टेंडरच्या तक्त्यातली ती चौकट मात्र त्यांच्या नावासकट आणखी वर्षभर छापली जात होती. ती काढा असं मी दोनदा लिहून दिलं, आणि मग सोडून दिलं.

शेवटचे दिसले ते दोन हजार दोनच्या जानेवारीत, बर दुबईच्या अब्रा स्टेशनवर, म्हणजे खाडी ओलांडायच्या होड्यांच्या धक्क्यावर. मीना बाजारातून सुनंदाचे कपडे घेऊन मी खाडीपलीकडे निघालो होतो. संध्याकाळची गर्दी, लोक नावेत उड्या मारत होते. ते काठावर उभे होते, टाय लावलेले, केस पूर्ण पांढरे. बरोबर विशीतली एक मुलगी. मला तोंड चुकवायचं होतं, पण तिचाच धक्का माझ्या पिशव्यांना लागला आणि समोरासमोर आलो.

‘शेरिल,’ त्यांनी ओळख करून दिली. ‘माझी थोरली. मेलबर्नहून आलीय. हे मिस्टर परुळेकर, माझ्या जुन्या ऑफिसातले.’

तिचा चेहरा खुलला. ‘तुम्हीच ना ते? डॅडची सगळी पत्रं टाइप करणारे? थँक यू सो मच, अंकल. मम्मीने काही ऐकूनच घेतलं नाही कधी. म्हणून मीच डॅडला म्हटलं, आता आपण दोघं जाऊ या.’

‘कुठे?’

‘हॉलंड. उद्याची फ्लाइट आहे. आर्डेल बघायचंय. डॅड म्हणतात, आमचा पहिला पूर्वज तिथूनच जहाजावर चढला. चर्चमध्ये नोंद असेल, हो ना?’

मी व्हान आर्डेलकडे बघितलं. ते खाडीच्या पाण्याकडे बघत होते. 

‘असेल,’ मी म्हटलं.

‘अँड यू, अंकल? तुम्ही इंडियात कुठले?’

त्यांची मान माझ्याकडे वळली. त्यांनी इतक्या वर्षांत माझ्याकडे काही मागितलं असेल तर ते फक्त गप्प राहणं. 

‘बॉम्बे,’ मी म्हटलं. ‘बॉम्बेचाच. आमचं गाव वगैरे काही नाही.’

‘ओह, नाइस,’ ती म्हणाली.

अब्रावाला ‘यल्ला, यल्ला’ करून ओरडत होता. व्हान आर्डेलनी मुलीला हात देऊन नावेत उतरवलं, मग स्वतः उतरले. नावेत मला जागा होती. मी पुढच्या अब्राची वाट बघत काठावरच थांबलो.